खरेदीपूर्वींची तुलना

मौल्यवान वस्तु घरांत आणण्यापूर्वीं ती पारखून घ्यावी, हें आपल्या वडील मंडळींस कोणी शाळेंत शिकविलें नव्हतें. बैल घेतांना त्याचे दांत पाहावे, मडकें घेतांना तें बोटानें वाजवून पाहावें, सोनें घेतांना तें कसास लावावें, हें व्यवहारज्ञान घरोघरीं होतें. परंतु लाखाच्या वर किंमत असलेला स्मार्टफोन घेण्याचा प्रसंग आला म्हणजे तीच मंडळी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत उभी राहतात, असें आमच्या नजरेस येतें. या वस्तूचे दांत कोणते आणि ती वाजवून पाहावयाची कशी, हेंच त्यांस कोणी सांगत नाहीं. आमच्या मामांच्या एका खरेदीच्या निमित्तानें आम्हांस या विषयाचा थोडा अभ्यास करावा लागला. तो विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें मांडीत आहों.

आमचे मामा मिरजेस राहतात. पाटबंधारे खात्यांत त्यांची सारी नोकरी झाली. पावसाळ्यांत नदीच्या पाण्याची पातळी आणि पर्जन्यमापकांतील पाऊस ठराविक वेळीं मोजून वहींत टिपावयाचा, हें काम त्यांनीं तरुणपणीं इतकीं वर्षें केलें कीं, पुढें वरच्या जागेवर चढल्यावरहि वहीची संवय कांहीं सुटली नाहीं. मामी वारल्यापासून ते एकटेच असतात. त्यांची कन्या कॅनडांत टोरांटो येथें आहे. रोज रात्रीं जेवणापूर्वीं बापलेकींचें फोनवर बोलणें होतें, आणि एकमेकांचें तोंड पाहिल्यावांचून दोघांसहि चैन पडत नाहीं.

मामांचा जुना फोन २०१९ सालीं घेतलेला होता. घेतांना कोणी कांहीं पाहिलें नव्हतें. रंग बरा दिसला आणि दुकानदारानें सूट दिली, एवढ्यावर सौदा झाला. ज्या कंपनीनें तो केला तिनें दोन वर्षांनीं त्यास नवीं अपडेटें पाठविणें बंद केलें. कांहीं काळानें बँकेचें ॲप त्यावर चालेनासें झालें. पुढें चार्जरची पिन बसते ती खांचहि सैल झाली, आणि फोन विशिष्ट कोनांत धरून ठेवला तरच चार्ज होऊं लागला. इतकें होऊनहि मामा तो टाकीत नव्हते. मामी हयात असतां मंडईंतून "वांगीं बरीं दिसताहेत, घेऊं का?" असे लहान लहान ध्वनिसंदेश त्यांस पाठवीत. ते शेकडों संदेश त्या फोनांत होते, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. फोन एके दिवशीं कायमचा बंद पडला तर तो आवाजहि गेला. २०२४ च्या मार्च महिन्यांत कन्येनें कळविलें, "बाबा, आतां थांबूं नका. पैसे मी पाठवितें." आणि तिनें दोन नांवें सुचविलीं : सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा व गूगलचा पिक्सेल ८ प्रो.

एवढा भारी फोन एकट्या वृद्धास कशाला, अशी शंका आम्हांसहि आली. ती आम्हीं बोलूनहि दाखविली. मामांचें उत्तर असें : "अरे मास्तर, मी आतां सत्तरीचा. हा खटाटोप मला पुन्हा करावयाचा नाहीं. जो घेईन तो सात वर्षें पुरला पाहिजे." त्यांच्या अटी आणखी दोन होत्या. डोळ्यांसाठीं पडदा मोठा हवा. आणि कृष्णेच्या पैलतीरावरील पक्ष्यांचीं चित्रें घेतां यावींत. विचार करतां त्यांच्या म्हणण्यांत अर्थ होता. सात वर्षें अपडेटें देण्याचें वचन त्या वेळीं फारच थोड्या अँड्रॉइड फोनांस होतें. गूगलनें तें ऑक्टोबर २०२३ मध्यें पिक्सेल ८ च्या मालिकेस दिलें, आणि सॅमसंगनें जानेवारी २०२४ मध्यें एस२४ च्या मालिकेस. त्यापूर्वीं याच सॅमसंगचें वचन अँड्रॉइडच्या चार आवृत्त्यांचें व पांच वर्षांच्या सुरक्षा-अपडेटांचें होतें.

अपडेट म्हणजे काय, हें अनेक पालकांस ठाऊक नसतें म्हणून दोन शब्द सांगतों. अँड्रॉइड ही फोन चालविणारी मूळ आज्ञावली. ती गूगलकडून येते. गूगलनें अँड्रॉइड नांवाची लहान कंपनी २००५ सालीं विकत घेतली आणि तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ सालीं बाजारांत आला. या आज्ञावलींत वेळोवेळीं भगदाडें सांपडतात. तीं बुजविणारी डागडुजी म्हणजे सुरक्षा-अपडेट. ही डागडुजी थांबली कीं फोन दिसण्यांत धडधाकट असला तरी कुलूप नसलेल्या घरासारखा होतो, आणि बँका अशा घरांत व्यवहार करण्यास नाखूष असतात. मामांच्या जुन्या फोनाचें दुखणें हेंच होतें. म्हणून फोनाची पारख करतांना "हा किती वर्षें सांभाळला जाईल?" हा प्रश्न प्रथम विचारावा, असें आमचें मत झालें आहे. आणि तीं वर्षें फोन बाजारांत आल्या दिवसापासून मोजतात. आपण विकत घेतल्या दिवसापासून नव्हे. पिक्सेल ८ प्रोची मुदत ऑक्टोबर २०३० पर्यंत, तर एस२४ अल्ट्राची त्यानंतर तीन महिन्यांनीं संपावयाची. दोन वर्षें जुना फोन स्वस्तांत मिळाला म्हणून जो हुरळून जातो, तो हीं दोन वर्षें हिशोबांत धरीत नाहीं.

मामांनीं नवी वही उघडली. पानाच्या मध्यें उभी रेघ, एका बाजूस एक फोन, दुसऱ्या बाजूस दुसरा. पहिल्या ओळींत किंमत. बाजारांत आले तेव्हां पिक्सेल ८ प्रोची किंमत १२८ जीबी साठवणीस १,०६,९९९ रुपये होती व एस२४ अल्ट्राची १,२९,९९९ रुपये. फरक २३ हजारांचा दिसतो. परंतु अल्ट्राची ही किंमत २५६ जीबीची होती. या दोहोंपैकीं एकाहि फोनांत वेगळें मेमरी कार्ड घालण्याची सोय नाहीं, तेव्हां आरंभीं जेवढी जागा घ्यावी तेवढीच शेवटपर्यंत. पिक्सेल २५६ जीबीचा घेतला तर त्याची किंमत १,१३,९९९ रुपये. म्हणजे खरा फरक १६ हजारांचा. तो सात वर्षांवर वांटला तर महिन्यास सुमारें १९० रुपये पडतात. हे गणित आम्हीं आमच्या वर्गांत फळ्यावर घातलें तेव्हां अर्ध्या मुलांनीं साठवणीकडे लक्षच दिलें नाहीं आणि २३ हजारांवरूनच भागाकार केला. मोठ्या माणसांचीहि गोष्ट याहून फार निराळी नसते.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. कारण जाहिरातींतील आंकड्यांनीं लोकांची जेवढी दिशाभूल येथें होते तेवढी दुसरीकडे क्वचितच होत असेल. अल्ट्राच्या मुख्य कॅमेऱ्याचा आंकडा २०० मेगापिक्सेल, पिक्सेल ८ प्रोचा ५०. साध्या माणसास वाटतें कीं पहिला दुसऱ्याच्या चौपट चांगला. मामांसहि तसेंच वाटलें होतें. परंतु आम्हीं दोहोंचीं मापें शोधून काढलीं तेव्हां मौज दिसली. प्रकाश टिपणारा जो चिमुकला पट्ट भिंगामागें बसविलेला असतो, त्याचा आकार एकांत १/१.३ इंची वर्गाचा व दुसऱ्यांत १/१.३१ इंची वर्गाचा, म्हणजे जवळजवळ एकच आहे. भिंगाचें तोंडहि एकांत एफ १.७ व दुसऱ्यांत एफ १.६८, हाहि फरक नांवालाच. मग २०० आणि ५० हे काय?

मामांस हें समजाविण्यास आम्हांस त्यांच्याच पर्जन्यमापकाचा आधार घ्यावा लागला. एक अंगण आहे अशी कल्पना करा. एका घरधन्यानें त्यांत २०० लहान वाट्या एकमेकींस चिकटवून मांडल्या, आणि शेजाऱ्यानें तेवढ्याच अंगणांत ५० मोठ्या वाट्या मांडल्या. पाऊस दोन्ही अंगणांत सारखाच पडला. एकूण पाणी कोणाकडे अधिक जमेल? कोणाकडेच नाहीं, अंगण तेवढेंच आहे. अल्ट्राची प्रत्येक वाटी ०.६ मायक्रोमीटर रुंद आहे, पिक्सेलची १.२ मायक्रोमीटर. इतक्या लहान वाटींत प्रकाश फार थोडा पडतो, म्हणून संधिप्रकाशांत चित्रावर वाळूसारखे ठिपके दिसूं लागतात. त्यावर उपाय म्हणून दोन्ही फोन नेहमींच्या वापरांत आपल्या वाट्या एकत्र ओततात. अल्ट्रा चार गुणिले चार अशा १६ वाट्यांची एक करतो, पिक्सेल दोन गुणिले दोन अशा चारांची एक. ०.६ ची चौपट २.४, १.२ ची दुप्पट २.४. आणि २०० भागिले १६ म्हणजे साडेबारा. ५० भागिले ४ म्हणजेहि साडेबारा! चौपट अंतरावरून निघालेले दोन प्रवासी शेवटीं एकाच धर्मशाळेंत उतरले. मामा हें ऐकून कितीतरी वेळ हंसत होते. मग त्यांनीं वहींतील दोन्ही मोठे आंकडे खोडून दोन्ही बाजूंस "१२॥" असें जुन्या पद्धतीनें लिहिलें.

याचा अर्थ २०० हा आंकडा अगदींच पोकळ आहे असें मात्र नव्हे. भर उन्हांत, स्थिर वस्तूचें चित्र घेतांना, सर्व वाट्या वेगळ्या ठेवण्याची सोय अल्ट्रांत आहे. तसें घेतलेलें चित्र पुढें कापून मोठें केलें तर बारकावे अधिक टिकतात. परंतु घरांतील दिव्याखालीं नातवंडाचें चित्र घेणाऱ्यास त्याचा उपयोग फारसा नाहीं. पक्ष्यांच्या बाबतींत मुख्य कॅमेरा बाजूस राहतो व दूरचें पाहणारें भिंग कामास येतें. दोन्ही फोनांत पांचपट जवळ आणणारें भिंग आहे. अल्ट्रांत त्याशिवाय तीनपटीचें आणखी एक आहे. नदीपलीकडच्या बगळ्यास पांचपटच हवी, तेव्हां या अटींत दोघेहि उतरले. रंगांच्या आवडीविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. एकास जें चित्र टवटवीत वाटतें तेंच दुसऱ्यास भडक वाटतें.

मेंदूच्या बाबतींत तुलना सरळ आहे. अल्ट्रांतील क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ ही चिप पिक्सेलमधील गूगलच्या टेन्सर जी३ हून चाचण्यांत स्पष्टपणें वेगवान ठरली आहे. ज्यास तासन्‌ तास मोठे खेळ खेळावयाचे आहेत त्यानें दुसरा विचारहि करूं नये. (तो आमचा विद्यार्थी असेल तर त्यानें आधीं आम्हांस भेटावें.) मामांच्या कामास दोहोंचाहि वेग गरजेपेक्षां जास्त होता. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे : गूगलची ही चिप सॅमसंगच्याच कारखान्यांत तयार होत असे. दुकानांत समोरासमोर मांडलेले प्रतिस्पर्धी घरांत असे एकमेकांचे आश्रित असतात.

बॅटरी एकाची ५००० मिलिअँपिअर-तास, दुसऱ्याची ५०५०. चार्ज होण्याचा वेग ४५ वॅट व ३० वॅट. चार्जर दोघांच्याहि डब्यांत येत नाहीं. तो वेगळा घ्यावा लागतो, हें किंमत लिहितांना विसरूं नये. लिथियमची कोणतीहि बॅटरी रोज चार्ज केल्यास सात वर्षें पूर्ण शक्तीनें टिकत नाहीं. तेव्हां ज्यास फोन सात वर्षें ठेवावयाचा आहे त्यानें मध्यें एकदां बॅटरी बदलण्याचा खर्च धरावा, आणि तें काम करणारें अधिकृत दुकान आपल्या गांवापासून किती दूर आहे तें आधींच विचारावें. सॅमसंगचीं अशीं केंद्रें जिल्ह्याच्या गांवींहि आढळतात. गूगलचीं मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. पुण्यामुंबईच्या वाचकास हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, मिरजेच्या नाहीं.

यानंतर आम्ही मामांसह दुकानांत गेलों. त्यांचा नियम जुन्या नोकरींतलाच होता : दोन मापें ताडून पाहावयाचीं तर तीं एकाच वेळीं, एकाच जागीं, एकाच रीतीनें घ्यावींत. दुकानांतील झगझगीत दिव्यांखालीं सर्वच पडदे सुंदर दिसतात, म्हणून त्यांनीं विक्रेत्याची परवानगी घेऊन दोन्ही फोन दाराशीं उन्हांत आणविले. जाहिरातींत एकाचा प्रकाश २६०० निट व दुसऱ्याचा २४०० निट लिहिलेला असतो. पण हे आंकडे पडद्याच्या एका लहानशा भागावरील क्षणिक तेजाचे असतात. उन्हांत वाचतांना तेजाइतकीच कांचेची चकाकी महत्त्वाची ठरते. अल्ट्राची कांच प्रतिबिंब कमी करणारी आहे, आणि मोतीबिंदूचें ऑपरेशन झालेल्या मामांस हें तात्काळ जाणवलें. उलट हातांत धरतांना पिक्सेल त्यांस आवडला. त्याचें वजन २१३ ग्रॅम व रुंदी ७६.५ मिलिमीटर, अल्ट्राचें वजन २३२ ग्रॅम व रुंदी ७९. कागदावर हा फरक हंसण्यावारी नेण्यासारखा आहे. पण मामांनीं दोन्ही फोन कानाशीं धरून प्रत्येकीं पूर्ण पांच मिनिटें घड्याळ लावून उभें राहून पाहिलें. विक्रेता मुलगा बिचारा ओशाळला. आम्हीहि थोडे ओशाळलों. तथापि मनगटाचें मत घेण्याचा दुसरा मार्ग आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

पिक्सेलच्या पाठीवर उष्णतामान मोजणारें एक लहान उपकरण आहे. त्यानें मामांनीं चहाचा पेला मोजला, खुर्ची मोजली, आणि "बरें आहे" म्हणून तें सोडून दिलें. अल्ट्राच्या पोटांतून मात्र एक लेखणी निघते. ती हातीं येतांच त्यांनीं पडद्यावर कालव्याच्या दरवाजाचा उभा छेद काढला, खालीं मापें लिहिलीं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

तरीहि निर्णय झाला तो यांपैकीं कशानेंहि नव्हे. परत येतांना कन्येशीं बोलतांना तिनेंच विचारलें, "बाबा, तुमचे नंबर दोन आहेत ना? दोन्ही कार्डें बसतात का?" आम्ही दोघेहि गप्प. इतकीं पानें भरलीं, पण ही ओळ वहींत नव्हतीच! पाहिलें तेव्हां असें कळलें कीं, अल्ट्रांत प्लॅस्टिकचीं दोन सिमकार्डें बसतात. पिक्सेल ८ प्रोच्या भारतांतील फोनांत एकच बसतें आणि दुसरा नंबर ई-सिम म्हणून, म्हणजे कार्डावांचून, फोनांतच नोंदवावा लागतो. मामांचा जुना नंबर, जो मामींच्या माहेरच्यांपासून पेन्शन-कचेरीपर्यंत सर्वांस ठाऊक आहे, ज्या कंपनीचा होता ती त्यांस त्या वेळीं ई-सिम देत नव्हती. नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा मार्ग होता, पण तो खटाटोप मामांस नको होता. महिना १९० रुपयांचा फरक व १९ ग्रॅमांचें ओझें पत्करून त्यांनीं अल्ट्रा घेतला. दुसऱ्या कोणाच्या घरीं, एकच नंबर असतां, हीच वही पिक्सेलच्या बाजूस झुकली असती, आणि तेंहि बरोबरच झालें असतें. आज दोन्ही कंपन्यांचे याहून नवे फोन निघाले आहेत. त्यांचे आंकडे निराळे असतील, पण वहीच्या ओळी बहुतेक याच राहतील.

फोन घरीं आल्यावर खरी धाकधूक सुरू झाली. मामींचे संदेश व्हॉट्सॲपमध्यें होते. त्यांची प्रत गूगल खात्यांत ठेवतां येते, परंतु २०२४ पासून ती प्रत त्या खात्याच्या १५ जीबी मोफत जागेंतूनच वजा होऊं लागली, आणि मामांची जागा छायाचित्रांनीं केव्हांच भरलेली होती. दुसरी रीत २०२३ सालीं निघाली : जुना व नवा फोन शेजारीं ठेवून एकाच्या पडद्यावरील चौकोनी खूण दुसऱ्यानें वाचावयाची, म्हणजे सर्व संभाषणें थेट इकडून तिकडे जातात. आम्हीं ही दुसरी रीत धरली. जुन्या फोनाची पिन मामांनीं हातानें कोनांत दाबून धरली होती, कारण मध्येंच तो बंद पडला असता तर सारें अर्धवट राहिलें असतें. पाऊण तास ते तसेच बसून होते. पाणीहि प्याले नाहींत. काम पुरें होतांच त्यांनीं यादींतून मागें जाऊन एक संदेश उघडला. नवा फोन मेजावर होता. आवाज स्वच्छ आला : "अहो, कोथिंबीर आहे का घरांत?"

जुना फोन बदलींत दिला असतां कांहीं रुपये सुटले असते. तो मामांनीं दिला नाहीं. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली न ठेवतां निम्मी भरून ठेवावी, हें आमच्याकडून कळल्यावर त्यांनीं तो कपाटांत ठेवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ते तो बाहेर काढतात, पिन कोनांत धरून निम्मा चार्ज करतात, आणि वहींत तारीख व आंकडा टिपून पुन्हा जागेवर ठेवतात.